एकात एक यादीला पातळीनुसार वेगळा रंग कसा द्यायचा?

तुमच्या कांदा बाजारभावाच्या पानावर नाशिक जिल्हा, त्यात तालुके, त्यात गावं, त्यात आवारं अशी यादी आहे. काही ठिकाणी यूएल (ठिपक्यांची यादी), काही ठिकाणी ओएल (क्रमांकांची यादी). मजकूर दुसरीकडून येतो, त्यामुळे टॅगना क्लास (ओळखीचं नाव) घालता येत नाही आणि तरी प्रत्येक पातळीला वेगळा रंग हवाय.

सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) पातळ्या मोजत नाही, फक्त वर कोण आहे ते बघतं. म्हणून 'यूएल यूएल यूएल' असं लागोपाठ लिहायचं (टाइप करताना अर्थात रोमनमध्ये). याचा अर्थ, जिच्या वर किमान दोन यूएल आहेत अशी यूएल. यातलं 'किमान' फार कामाचं आहे. उद्या निफाड–लासलगावच्या खाली कोणी आणखी एक पातळी घातली, तरी ती बिनरंगाची राहत नाही, वरच्या पातळीचाच रंग घेते. शिवाय प्रत्येक जादा यूएलने स्पेसिफिसिटी (म्हणजे नियमाचं वजन) एकने वाढते, त्यामुळे नियम कुठल्याही क्रमाने लिहा, खोलवरचाच जिंकतो. ब्राउझर स्वतःही असंच करतो: पहिल्या पातळीला भरीव ठिपका, दुसऱ्या पातळीला पोकळ, तिसरीपासून पुढे चौकोन.

तुमची खरी अडचण यूएल-ओएलच्या सरमिसळीची आहे. तीन पातळ्यांच्या आठ जोडण्या होतात, त्या हाताने लिहू नका. ':ईज(यूएल, ओएल)', म्हणजे 'दोन्हींपैकी कुठलीही', तीनदा लिहिलं की झालं. 2021 च्या सुरुवातीपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये ते चालतं.

तेही परत परत लिहायचं नसेल तर कस्टम सिलेक्टर, म्हणजे अशा निवडीला स्वतःचं नाव देणं. '@कस्टम-सिलेक्टर :--यादी यूएल, ओएल;' असं एकदा सांगायचं आणि मग ':--यादी :--यादी :--यादी'. उद्या मेनू टॅगही धरायचा झाला तर बदल एकाच ओळीत. 'यादी' हे नाव देवनागरीत ठेवलं तरी चालतं, फाइल यूटीएफ-8 असली म्हणजे झालं. पण ही सोय अजून मसुद्यातच आहे, तेव्हा ब्राउझरच्या भरवशावर राहू नका. पोस्टसीएसएस या सीएसएस बदलून देणाऱ्या साधनाचं प्लगिन बिल्डच्या वेळी (पान चढवण्याआधी फाइली तयार करताना) ती उलगडून देतं. तुमच्याकडे बिल्ड नसेल तर मी सरळ ':ईज'वरच थांबेन.

'--पातळी' नावाचं व्हेरिएबल घेऊन प्रत्येक यादीत 'कॅल्क' या सीएसएसच्या हिशेबाच्या फंक्शनने त्यातच एक मिळवायचा मोह होईल. ते चालत नाही. व्हेरिएबल स्वतःवरच अवलंबून राहिलं की ब्राउझर त्याची किंमत बाद धरतो.

रंगापेक्षा मला काळजी मापांची वाटते, कारण हे भाव शेतकरी मोबाइलवर बघणार. यादीचा फॉन्ट 0.9 ईएम (म्हणजे बाहेरच्या अक्षराच्या 0.9 पट) ठेवलात तर तो पातळीगणिक गुणला जातो. 16 पिक्सेलचं अक्षर चौथ्या पातळीला साधारण 10.5 वर येतं आणि त्या आकारात मात्रा-वेलांट्या वाचवत नाहीत. फॉन्ट आरईएममध्येच द्या, ते माप पानाच्या मूळ अक्षरावरून धरतात. तसंच ब्राउझर प्रत्येक यादीला आपणहून 40 पिक्सेल पॅडिंग (कडेची मोकळी जागा) देतो. चार पातळ्यांत 160 गेले, म्हणजे 360 पिक्सेलच्या स्क्रीनवर जवळजवळ अर्धी जागा. ते 12 वर आणा, चौथ्या पातळीलाही एकूण 48 च होतील.