बदकाची अंडी : टवका उडाल्यावर हात आवरा

घरगुती इन्क्युबेटरबद्दल (अंडी उबवण्याच्या यंत्राबद्दल) येणाऱ्या प्रश्नांत बदकाच्या अंड्यांचा गोंधळ सर्वांत जास्त असतो. कोंबडीचे गणित जसेच्या तसे बदकाला लावले जाते, त्यातून पुढची फसगत होते.

प्रश्न : एकविसावा दिवस उलटला, तरी हालचाल नाही. अंडी टाकून द्यावीत का?

नाही. एकवीस दिवस कोंबडीचे. बदकाला 28 दिवस लागतात, मस्कोव्ही जातीला साधारण 35.

प्रश्न : टोकदार अंड्यातून नर निघतो म्हणतात. खरे आहे का?

नाही. आकारावरून लिंग कळत नाही.

प्रश्न : यंत्र पूर्ण स्वयंचलित आहे, लक्ष द्यावे लागत नाही, असे विक्रेत्याने सांगितले होते. पडद्यावर 37.5 अंश दिसत होते, तरी निम्मी पिल्ले आतच मेली.

पडद्यावरच्या आकड्यावर विसंबून राहू नका. खात्रीचा वेगळा तापमापक अंड्यांजवळ ठेवा. पंखा असलेल्या यंत्रात 37.5 अंश ठीक. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला सुमारे 38.3 हवे. आर्द्रतामापकही तपासा. बाटलीच्या झाकणात थोड्या पाण्याने भिजवलेले मीठ घ्या आणि मापकासोबत बंद डब्यात 8 ते 12 तास ठेवा. 75 टक्क्यांच्या आसपास आकडा आला पाहिजे. ‘शंभर टक्के पिल्ले’ असे लिहिलेले यंत्र तर घेऊच नका. अंडे फलितच नसेल, तर यंत्र काय करणार? हे सगळे करूनही पिल्ले मरत असतील, तर मेलेली अंडी पशुवैद्यकाला दाखवा. जंतुसंसर्गही असू शकतो.

प्रश्न : काल सकाळी टवका उडाला, अजून पिल्लू बाहेर नाही. शेजारी म्हणतात कवच सोलून काढा.

सोलू नका. माझ्याकडे आलेल्या कितीतरी पिल्लांचा जीव या मायेनेच गेला आहे. पिल्लू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालते आणि फुफ्फुसाने श्वास घ्यायला शिकते. मग कवचाला टवका पाडते आणि थांबते. ते दमलेले नसते. त्या वेळात कवचाच्या आतल्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या आटतात, उरलेला बलक पोटात ओढला जातो. त्याआधी कवच सोलले तर रक्त वाहते आणि बलक बाहेर राहतो. टवक्यानंतर 24 ते 48 तास लागू शकतात.

झाकणही सारखे उघडू नका. ओल उडते, पडदा सुकून पिल्लाला चिकटतो, आणि मग मदतीवाचून ते अडकते. पंचविसाव्या दिवशी अंडी पलटणे थांबवा (मस्कोव्हीला ही शेवटची पायरी आठवडाभर उशिरा), आर्द्रता 55 वरून 70 टक्क्यांच्या वर न्या आणि काचेतूनच पाहा. शेवटी अडकलेल्या पिल्लाचे मूळ पुष्कळदा पहिल्या आठवड्यांत असते. तेव्हा ओल जास्त झाली, तर पाणी पुरेसे उडत नाही आणि हवेची पोकळी लहान राहते. म्हणून अंड्यांचे वजन करत चला. पंचविसाव्या दिवसापर्यंत ते साधारण 13 टक्के घटायला हवे.

टवका अरुंद टोकाला आला, पडदा तपकिरी-कोरडा दिसला, किंवा 48 तास उलटले, तर स्वतः हात घालू नका. फोटो काढून पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाला लगेच विचारा.

प्रश्न : महिनाभर फ्रिजमध्ये असलेली अंडी ठेवली तर चालतील?

नाही. आठवडाभराच्या आतली ठेवा.

प्रश्न : पिल्लू पाय पसरून बसते, चार दिवस झाले. आपोआप सुधारेल का?

चार दिवस कशाला थांबलात? बदकाच्या पिल्लाला नायसिन (ब-3 जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागते, ते कमी पडले की पाय वाकतात. गुळगुळीत फरशीनेही पाय फाकतात. आजच खाली खरबरीत कापड घाला. नायसिनची मात्रा ऐकीव माहितीवर देऊ नका. पिल्लाला आजच दवाखान्यात न्या, खाद्याची पिशवीही सोबत घ्या.