लोणा लागलेली भिंत पाडायची का?

प्रश्न : वाईला पणजोबांनी बांधलेलं आमचं घर आहे. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन फुटी भिंती, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. कौलांवर १८६५ हे साल आहे, म्हणजे घर दीडशे वर्षांपेक्षा जुनं. पंधरा वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आता भिंतींना कमरेपर्यंत लोणा लागलाय, रंगाचे पापुद्रे पडतात. कंत्राटदार म्हणतात, भिंती संपल्या, भूकंपातही टिकणार नाहीत; पाडून आरसीसी बांधा, वर सौर पॅनेल लावा, म्हणजे पर्यावरणपूरक घर होईल. काय करावं?
– एक वाचक, वाई

उत्तर : पाडू नका. निदान मी खाली सांगते ते करून पाहिल्याशिवाय तरी नाही.

आधी त्या सालाचं. बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये, आणि पुढे कितीतरी वर्षं स्थापनेचं ते साल कौलांवर उमटत राहिलं. त्यामुळे त्यावरून घराचं वय ठरत नाही. पण कौलं उतरवावी लागली तर एकेक जपून ठेवा. फुटलेल्याच्या जागी नवं कौल बसवताना मापात मेळ बसत नाही.

आता भिंत. दगडमातीची भिंत जमिनीतली ओल थोडीफार वर ओढतेच. पूर्वी ती ओल चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून हवेत निघून जायची. तुम्ही दोन्ही बाजूंनी सिमेंट लावलंत आणि तिची वाट बंद झाली. मग ती वर चढते, बरोबर क्षार आणते, ते पृष्ठभागाशी साचून फुलतात आणि गिलावा फोडतात; हाच लोणा. आत दगडांमधली माती भिजून मऊ पडते, ते तर बाहेरून दिसतही नाही. भिंत म्हातारी झालेली नाही, ती कोंडली गेली आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते, तेव्हा मामाच्या भोरच्या घराला सिमेंटचा गिलावा करायचा सल्ला मीच दिला होता. चार पावसाळ्यांत माजघरातल्या खांबाचा बुंधा तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, भुसा झाला. मामांनी मला कधी बोल लावला नाही. त्या खांबाचं मला आजही वाईट वाटतं, आणि असं पत्र आलं की उत्तर लांबतं ते त्यामुळेच.

सुरुवात भिंतीपासून करू नका. आधी वर बघा : कौलं सरकलीत का, पन्हळ गळते का, पागोळ्या जोत्यावर पडतात का. मग खाली बघा. दर डांबरीकरणात रस्ता थोडा थोडा उंच होत गेला असेल आणि अंगणात तुम्ही पेव्हर ब्लॉक बसवले असतील, तर जोतं अर्धं गाडलं गेलेलं असणार. भिंतीलगतची फरशी काढा, पायाला धक्का न लावता उथळ चर खणा, त्यात खडी भरा आणि पाण्याला घरापासून लांब उतार द्या. निम्मा लोणा इथेच आटोक्यात येतो.

मग या दिवाळीनंतर सिमेंट खरवडा. छिन्नी-हातोडीनेच, ब्रेकर मशीन भिंतीजवळ आणू देऊ नका. भिंत उघडी ठेवा, उन्हाळाभर वाळू द्या, पावसाळ्यात बाहेरून ताडपत्री अंतर राखून बांधा, आणि पुढच्या दिवाळीनंतर चुन्याचा गिलावा करा. मधल्या वर्षात पाहुणे काय म्हणतील ते म्हणोत. कळीचा चुना चांगला विरवून मुरवलेला हवा. एक भाग चुन्याला तीन भाग वाळू, त्यातली थोडी काढून सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घातली तर ओलीत तो अधिक टिकतो. पातळ थर द्या, गोणपाट ओलं ठेवून सावकाश वाळवा. विरणारा चुना उकळतो आणि डोळ्यात उडाला तर इजा करतो, म्हणून गवंड्याला चष्मा द्याच. वर ऑइलपेंट, प्लास्टिक पेंट किंवा वॉटरप्रूफिंगचा लेप लावलात, तर सगळी मेहनत वाया जाईल. चुन्याचीच सफेदी करा.

भूकंपाची भीती मात्र खोटी नाही. कोयनेचा धक्का (११ डिसेंबर १९६७) तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असेल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं दगावली ती बरीचशी दगडमातीच्या भिंती आणि वरच्या जड माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपराखाली. अशा भिंतीत दगडांचे दोन पदर असतात, मध्ये भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसले, तर हादऱ्यात पदर सुटतात आणि भिंत फुगून कोसळते. तेव्हा गिलावा निघाला की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि आरपार दगड आहेत का ते तपासा. उंचीत दर दोन फुटांच्या आसपास आणि आडवं दर चार फुटांच्या आत एकेक हवा. नसतील तर भिंत न पाडताही तिथले दोन-चार दगड हलकेच काढून, आकड्याची सळई घालून काँक्रीटचे बांधदगड भरता येतात; कोपरे आणि छपराखालची पातळी पट्ट्याने बांधता येते. इथे सिमेंट वापरा, ते योग्य जागी आहे. आणि इंजिनिअरने एखादी भिंत खरंच धोक्याची ठरवली, तर ती उतरवून त्याच दगडांनी पुन्हा रचा.

राहिलं पर्यावरणपूरक घर. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे जे दळून सिमेंट होतं ते खडे, १४५० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. जळणाचा धूर वेगळाच. खुद्द चुनखडी भाजली जाताना जो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो क्लिंकरच्या उत्सर्जनात निम्म्याहून जास्त असतो. चुन्याची भट्टी ९०० अंशांच्या आसपास भागते, आणि गिलावा कडक होताना सुटलेल्यातला बराच कार्बन डायऑक्साइड हवेतून परत घेतो. तुमचे दगड तर पणजोबांच्या काळात खाणीतून निघाले, घडले, रचले गेले. ते डंपरमध्ये भरून त्या जागी नवा सांगाडा उभा करायचा आणि वर पॅनेल लावायचे, याला मी पर्यावरणपूरक म्हणणार नाही. पॅनेल हवेच असतील तर मागच्या पडवीच्या पत्र्यावर लावा. संडास-बाथरूमही मागे नव्या विटांत स्वतंत्र बांधा; मातीच्या भिंतीत नळ पुरू नका.

प्रश्न : पुण्यात सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात रात्री दोनलाही छत गरम लागतं. दुसरा एसी घेण्यापूर्वी काही करता येईल?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : येईल, आणि ते तुमच्या खोलीत नाही, गच्चीवर करायचं आहे. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत सगळ्यात जास्त ऊन भिंतींवर नाही, स्लॅबवर पडतं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता तुमच्या खोलीत सोडतो. फॉल्स सीलिंगने थोडा फरक पडतो, पण स्लॅब तापायचा तो तापतोच.

सोसायटीची परवानगी काढा. गळती असेल तर आधी कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, दुरुस्त करून घ्या, मग पांढरा परावर्तक रंग द्या किंवा पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक करा. पैसे बेताचे असतील तर दरवर्षी होळीच्या आधी चुना मारा. पावसात धुऊन जाईल, पण उन्हाळा निघेल. सोसायटी सौर पॅनेल लावणार असेल, तर तुमच्या डोक्यावरच्या जागेचा आग्रह धरा, त्यांची सावली मिळेल.

पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावू नका, बांबूची चिक बाहेरून सोडा. ऊन काचेतून आत आलं की पडद्याने ते परत जात नाही.

प्रश्न : घर पाडून झालंय. सागवानी दारं आणि चौकटी वखारवाला मागतोय. विकाव्यात का?
– एक वाचक, कराड

उत्तर : विकू नका. वाळवी लागली असेल तेवढा भाग कापून टाका, बाकीचं लाकूड अजून कित्येक वर्षं टिकेल. पण नव्या घराचा नकाशा होण्याआधी प्रत्येक चौकटीची उंची-रुंदी मोजून आर्किटेक्टकडे द्या. जुन्या चौकटी बुटक्या असतात. नकाशा आधी झाला तर त्या कुठेच बसत नाहीत आणि शेवटी वखारीतच जातात.