मुखवटा आणि लेख

पुणे

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझं चार पानी पत्र वाचलं. त्यात नाण्यांबद्दल सहा ओळी आहेत, बाकी सगळी घालमेल. आपल्या ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे म्हणतात, देवाच्या वचनाची गोडी असलेल्या मुलीने जुन्या पैशांत कशाला जीव गुंतवावा. नाणेसंग्राहक म्हणतात, श्रद्धाळू माणसाचं नाण्यांवरचं लिखाण धरून चालता येत नाही. कोणाचं ऐकू, असं तू विचारतेस. कोणाचंच ऐकू नकोस. पण त्रैमासिकासाठी घेतलेल्या लेखाला तू जे नाव दिलं आहेस, 'नाणी सिद्ध करतात शास्त्र' (शास्त्र म्हणजे आपलं बायबल), ते आजच खोड. नाणं बोलतं तेवढंच लिहायचं. या एका वाक्यासाठी हे पत्र आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे.

कैसराला, म्हणजे रोमच्या सम्राटाला, कर द्यावा की नाही, असा पेच टाकून लोक प्रभू येशूकडे आले, तो प्रसंग तुला तोंडपाठ आहे. त्यातला क्रम बघ. आधी त्याने नाणं मागवलं. मग मुखवटा कोणाचा आणि लेख कोणाचा, हे विचारलं. उत्तर मिळाल्यावर तो बोलला. आपण उलट करतो. बोलायचं काय ते आधी ठरवतो आणि त्याला शोभेल असं नाणं शोधत फिरतो. तू लिहिलंस, 'हेच ते नाणं, तिबेरियस कैसराचा दिनार.' तिबेरियसचा दिनार चांदीचा, पावणेचार ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला त्याचं डोकं आणि तो दैवी ऑगस्टसचा पुत्र असल्याचा लेख. दुसऱ्या बाजूला बसलेली स्त्री आणि तो प्रधान पुरोहित असल्याची अक्षरं. ती स्त्री म्हणजे त्याची आई लिव्हिया, असं पुष्कळजण मानतात, पण नाण्यावर तिचं नाव नाही. तिबेरियसने इ.स. 14 ते 37 राज्य केलं, तेव्हा काळ जुळतो. पण ऑगस्टसचे दिनारही तेव्हा चलनात होते आणि शुभवर्तमान त्या प्रसंगात कैसराचं नाव सांगत नाही. म्हणून 'ते बहुधा तिबेरियसचं असावं' इतकंच लिही. 'बहुधा'ने विश्वास उणा होत नाही. वाक्य ठसठशीत व्हावं म्हणून माझ्या सुरुवातीच्या लेखांतून मी हा शब्द गाळत गेलो. छापलेली वाक्यं परत घेता येत नाहीत. आजही कोणीतरी ती उतरवून घेतं.

आता तुझ्या फोटोंकडे येतो. काचेच्या चौकटीत, प्रमाणपत्रासह, 'विधवेच्या दोन टोल्या', म्हणजे शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने मंदिरात दान टाकलेली ती दोन बारकी नाणी.

फोटो मोठा करून पाहा. डावीकडच्या नाण्यावर आठ आऱ्यांची चांदणी आहे. घड्याळात चार वाजतात त्या दिशेचा आरा टोकाशी तुटलाय आणि त्याच्यासमोर कडेला तांदळाच्या कणीएवढी खाच आहे. आता उजवीकडचं बघ. तोच आरा तुटका, तिथेच खाच. तुटका आरा दोन्हींवर असू शकतो, कारण एका ठशाने पुष्कळ नाणी पाडतात आणि ठशाचं वैगुण्य सगळ्यांवर उतरतं. कडेची खाच मात्र ठशातून येत नाही, ती त्या एका चकतीची असते. दोन नाण्यांना तीच खाच त्याच जागी दिसली, म्हणजे एका नाण्यावरून साचा घेऊन ती ओतलेली आहेत.

तरी हा निकाल समजू नकोस, मी फोटोच पाहिलाय. नाणी हातात घे. दहापट भिंगाखाली कड तपास: साच्याच्या दोन भागांमधली शिवण, किंवा ती कानशीने घालवल्याच्या समांतर रेघा. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे गोल खड्डे. उठावाच्या मुळाशी जिथे कोपरा धारदार हवा तिथे साबणाच्या वडीसारखी गोलाई. फक्त एक जप. यहूदियातल्या या छोट्या नाण्यांच्या चकत्या मुळातच माळेसारख्या साच्यात ओतून, मग तोडून, त्यांवर ठसा मारत. त्यामुळे समोरासमोरच्या दोन कडांना तोडल्याचे व्रण असतात. ते अस्सल नाण्यालाही असतात, त्यावरून घाबरू नकोस.

मग वजन. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घे. पंखा बंद, काटा फरशीवर, हलत्या टेबलावर नको. आधी प्रमाण वजन ठेवून काटा बरोबर आहे ना ते बघ. नाणं तीनदा तोल आणि तिन्ही आकडे लिही. व्यास दोन दिशांनी मोज, कारण हाताने पाडलेलं नाणं गोल नसतं. कॅलिपरचे जबडे प्लास्टिकचे असू देत, लोखंडी जबडा कडेला ओरखडा पाडतो. शेवटी ठशांची दिशा: दर्शनी बाजू सरळ धरून नाणं पान उलटतात तसं उलट आणि मागच्या चित्राचं डोकं किती वाजल्याकडे आहे ते लिही.

धातूची घनता काढायला तू व्हिक्टोरियाच्या चांदीच्या रुपयावर हात बसव. वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य कर. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाक, नाहीतर नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि घनता खोटी कमी दिसते. रुपया बारीक दोऱ्याने टांगून पूर्ण बुडव. तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. काटा 1.13 च्या आसपास दाखवेल. 11.66 ला त्याने भाग, 10.3 येईल. तांब्यावर मुलामा दिलेला तितक्याच वजनाचा नकली रुपया 1.3 दाखवतो. पण हा प्रयोग टोलीवर करू नकोस. एक ग्रॅमचं नाणं जेमतेम 0.12 दाखवणार, त्यात शंभरावा भाग इकडेतिकडे झाला की उत्तर आठ टक्क्यांनी चुकलं. सराफाचा 0.001 चा काटा मिळाला तरच कर. साधनाला जेवढं कळतं तेवढंच त्याच्याकडून घ्यायचं, हेही त्याच वाक्यात आलं.

समज, नाणी अस्सल निघाली. मग ती बहुधा यहूदियाचा राजा अलेक्झांडर जॅनियस याची, इ.स.पू. 103 ते 76 या काळातली: एका बाजूला नांगर, गलबताचा, आणि दुसऱ्या बाजूला चांदणी. ती इतकी अमाप पाडली गेली की आजही महाग नाहीत आणि प्रभूच्या काळातही हातोहात फिरत होती. तेव्हा विधवेने अशी नाणी टाकली असू शकतील. असू शकतील! शुभवर्तमानात मार्क दोन टोल्या म्हणजे एक दमडी एवढं सांगतो. नांगर होता की चांदणी, तो सांगत नाही. मग प्रमाणपत्रवाला कोण सांगणार?

थोमाबद्दल तू सगळ्यात जास्त भरात लिहिलं आहेस आणि तिथेच सगळ्यात जास्त घसरली आहेस. येशूचा शिष्य, प्रेषित थोमा, हिंदुस्थानात गुदनफर राजाकडे आला, ही कथा तिसऱ्या शतकातल्या सिरियाक लिखाणात आहे. शतकानुशतकं त्या राजाचं नाव युरोपातल्या अभ्यासकांना त्या कथेपलीकडे माहीत नव्हतं. 1830 च्या दशकात अफगाणिस्तानातून नाणी बाहेर पडली, त्यांवर ग्रीक आणि खरोष्ठी लिपीत गोंडोफर्नीस, म्हणजे तोच गुदनफर. पुढे पेशावरच्या बाजूला तख्त-ए-बाहीचा शिलालेख मिळाला, त्याच्या राज्याच्या 26 व्या वर्षाचा. बहुतेक अभ्यासक तो इ.स. 46 च्या सुमाराचा धरतात. म्हणजे राजा खरा आणि काळही जुळता. मलाही हे वाचताना आनंद होतो, का होऊ नये? पण त्या नाण्यांवर थोमा नाही. राजा होता, हे नाणं सांगतं. प्रेषित त्याच्या दारी आला, हे परंपरा सांगते. दोन्ही लिही, पण वेगवेगळ्या वाक्यांत, आणि कोण काय सांगतंय ते वाचकाला दिसू दे.

या वाटेने आपली माणसं गेली आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर हजारो शिवराया, म्हणजे मराठ्यांची तांब्याची नाणी, तपासून त्यांवरच्या अक्षरांचे फरक नोंदवले. त्याच माणसाने पुढे महाराष्ट्राच्या संतकवींची चरित्रं इंग्रजीत नेली. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपान याची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली, ती रेव्हरंड स्कॉट यांनी अभ्यासली. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वर मारलेला आहे. अशा नाण्यावर सातकर्णीच्या ठशातल्या चैत्याच्या कमानींमधून नहपानाच्या नाकाचा किंवा एखाद्या ग्रीक अक्षराचा तुकडा डोकावतो. ते तुकडे उरलेत म्हणून वाचता येतात. घासली असती तर गेले असते.

म्हणून घासू नकोस. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट नको, भांड्यांची पावडर नको. चिंचेने उजळलेल्या शिवराईचा तो जुना तपकिरी थर परत येत नाही, हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. माती असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेव, पाणी रोज बदल, आठवड्याने बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या काडीने हलकेच माती उचल, आणि धातू लागला की थांब. फिकट हिरवी, बोटाला भुकटीसारखी लागणारी पूड दिसली तर तो क्षाराचा रोग आहे. ते नाणं लगेच वेगळं काढ. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली, तेव्हा डब्यात सिलिका जेल हवं आणि त्याचे दाणे रंग बदलले की ते तापवून वाळवायचे. पीव्हीसीचे अल्बम फेकून दे, काही वर्षांत त्यांचा चिकट हिरवा थर नाण्यावर बसतो. रबरबँडही चांदीजवळ नको. त्यातलं गंधक चांदी काळी करतं.

दोन वह्या कर. पहिली नाण्यांची. तिच्यात क्रमांक, कोणाकडून, कधी, कितीला. वजन, व्यास, दिशा. आणि लेख, दिसतो तसा. शिवराईवर 'श्री राजा शिव' असतं हे तुला पाठ आहे, म्हणून ते लिहू नकोस. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, अक्षरं कडेबाहेर जायची. तुझ्या नाण्यावर 'शि' नसेल तर चौकटी कंसात लिही: श्री / राजा / [शि]व. कंस म्हणजे हे मी घातलं, नाण्याने दिलं नाही. हा कंस टाकायचा कंटाळा केलास तर पुढच्या माणसाला 'सिव' होतं की 'शिव' ते कधीच कळणार नाही, आणि शिवराईत हाच फरक अभ्यासायचा असतो. केडगावला पंडिता रमाबाई शास्त्राच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, ते मूळ शब्द काय म्हणतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला. तू तर दोन अक्षरं पाहायची आहेस.

दुसरी वही भक्तीची. तिच्यात विधवेबद्दल मन भरून लिही. तिने होतं ते सगळं टाकलं, यावर लिहायला चौकटीतली टोली अस्सल असावी लागत नाही. माझ्या भक्तिपर लिखाणाला कोरडं म्हणतात, वजनं जास्त आणि विश्वास कमी असं म्हणतात. ते मला मान्य नाही. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांत आहे आणि मी ते लेखणीलाही लावतो. माझा विश्वास 0.01 च्या काट्यावर डगमगला असता तर तो ठेवण्यात अर्थ नव्हता. या वयात मी हे बदलणार नाही, आणि तूही लोकांच्या बोलण्याने पहिली वही बंद करू नकोस.

आणखी एक. विकणारा 'शेतात हंडा सापडला' असं कुजबुजला तर तिथून उठ. जमिनीत सापडलेल्या धनाची खबर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते आणि शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्यात पुरावस्तू ठरतं. बुधवार-रविवारी जुन्या बाजारात जातेस तर एक आणा 1818, मागे हनुमान किंवा राम दरबार, असले तुकडे दिसतील. ईस्ट इंडिया कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही.

चौकटीचे पैसे दिले नसतील तर अजून देऊ नकोस. चौकट उघडून दोन्ही नाणी तोलू द्या, असं विकणाऱ्याला सांग. नाही म्हणाला तर चौकट तशीच परत कर. हो म्हणाला तर मला दोन्हींची तिन्ही वजनं आणि दोन्हींच्या कडेचे चार-चार फोटो पाठव, उजेड डावीकडून तिरका, शेजारी मिलिमीटरची पट्टी. आणि संपादकांना आजच फोन करून सांग, लेख या अंकात येत नाही.

तुझ्यासाठी प्रार्थना करणारा,
तुझा काका