आजीचा तरोटा चार्टात बसतो का?

प्रिय चिनू,

परवा व्हिडिओ कॉलवर आजी सुपात तरोटा निवडत बसली होती, आणि तू मला हळूच विचारलंस, "आई, ते वीड्स आहेत ना? तुम्ही पुअर होता म्हणून ते खायचात का?" मी "नंतर सांगते" म्हणून फोनच तुझ्या हातातून घेतला. आजीला इंग्रजी कळत नाही, बरं झालं. तुला वाटलं मी रागावले. नाही. म्हणजे, थोडी रागावले होते.

तर ऐक. ते तणच आहे, तू बरोबर ओळखलंस. पाऊस पडला की बांधावर, वावरात कुठेही तरोटा उगवतो. पेरलेल्या पिकात वाढलेलं तण बाया बसून उपटतात, त्याला निंदण म्हणतात. आपल्या दोन एकरांतलं निंदण आटोपलं की आजी दुसऱ्यांच्या वावरात मजुरीने जायची. संध्याकाळी परतली की तिची ओटी फुगलेली असायची. तरोटा, कुंजर, केना, जे कोवळं मिळेल ते. मी पायरीवर बसून वाट बघायची. ओटीत कधी दोन-चार काटवलं निघाली तर त्या दिवशी सण. काटवल म्हणजे ते बारीक काट्यांचं हिरवं फळ, मामाने तुला दाखवलं होतं आणि तू त्याला हेजहॉग म्हणाली होतीस.

त्या दिवशी भाजीला पैसे लागायचे नाहीत. मग आपण गरीब होतो का? होतो. पण ज्यांच्या वावरात आजी निंदायला जायची त्यांच्याही घरून सांगावा यायचा, "आमच्यासाठी बी आणजो व मूठभर." तरोटा थोडेच दिवस कोवळा असतो, मग उग्र होतो. तेवढ्यात गावातल्या प्रत्येक घरी तो एकदा तरी शिजायचाच, भिजवलेली मुगाची डाळ आणि भरपूर लसूण घालून.

खरं सांगू? तुझा प्रश्न मला लागला, कारण तो मीच आधी स्वतःला विचारला होता. अमरावतीला होस्टेलवर असताना मामाने डबा आणला, त्यात तरोटा आणि भाकर. खोलीतल्या मुलींसमोर मी डबा उघडलाच नाही. रात्री गच्चीवर जाऊन खाल्ला. हे आजीला सांगू नकोस.

आता तुझा शाळेतला पाचाचा चार्ट. ऐंशी ग्रॅमचा एक वाटा, असे पाच, म्हणजे दिवसाला ४०० ग्रॅम फळं-भाज्या. बटाटा धरत नाहीत म्हणून तू रडकुंडीला आली होतीस. मी मनातल्या मनात लहानपणचा चार्ट भरून पाहिला. पावसाळ्यात पाचही चौकोन भरले असते. जानेवारीत तर हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून त्याचा घोळणा व्हायचा, कच्चाच. कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि वरून तेल. (आजी घोयना म्हणते.) खुडताना बोटं चाटली तरी आंबट लागायची. पण मे महिन्यात? आंबे असायचे, भाजी मात्र नाही. बेसन, कढी, ठेचा, नाहीतर हिवाळ्यात वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी. तेव्हा "आमच्या गावी सगळं पौष्टिकच होतं" असं मी म्हणणार नाही. बाबा म्हणतात, त्यांना म्हणू दे.

आणि संत्री! वरुडकडची म्हटलं की सगळ्यांना वाटतं आम्ही टोपल्यांनी संत्री खाल्ली. अगं, बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकलेला असायचा. बागेत राखण. आम्हा पोरांना मिळायची ती गळ, म्हणजे खाली पडलेली फळं, एका बाजूने मऊ झालेली. चांगली संत्री आम्ही गाडीत भरताना बघितली. पहिलं डझन विकत घेतलं ते नोकरी लागल्यावर, नागपूरला, आणि बसस्टँडवर बसून सहा एकटीने संपवली. म्हणून तू डब्यातलं अर्धं संत्रं परत आणतेस तेव्हा मी बोलते. बोलू नये, कळतं मला.

काल पुन्हा आजीशी बोलले. म्हणाली, आता वावरात तणनाशक मारतात, तरोटा वावरातला घ्यायची भीती वाटते, म्हणून ती नाल्याच्या काठावरून आणते. गुडघे दुखतात तरी. तुझ्या चार्टाबद्दल सांगितलं तर विचारते, "काऊन व, तरोटा धरतात का त्याच्यात?" तू मिसला विचारशील? डाळीचा एक वाटा धरतात, हे मला माहीत आहे. तरोट्याचं तूच विचार. नाव कसं लिहायचं ते मी सांगीन, आणि विचारायला लाज वाटली तर राहू दे.

आज पालकाची डाळभाजी करते आहे. तू शेंगदाणे बाजूला काढतेस, काढ. मी खाईन.

तुझी,
आई