बाईकला ऑटो क्लच (लिव्हर न दाबताही आपोआप सुटणारा-लागणारा) बसवल्यावर पहिला गिअर टाकताच गाडी पुढे सरकते, काय करू?

आधी आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन फिरण्याचा वेग, बघा. तो जास्त असेल तर केबलशी कितीही खेळलात तरी उपयोग नाही. मग क्लचच्या लिव्हरला, तो हँडलकडे हलका ओढला जाईल असा, रबरबँड लावा, इंजिन गरम करा, न्यूट्रलमध्ये रेस द्या. रेक्लुस या कंपनीच्या ऑटो क्लच किटमध्ये लिव्हर तेव्हा साधारण ३ मिमी हँडलकडे आत यायला हवा. जास्त आला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गाडी ओढतो, म्हणजे तुमचाच त्रास. केबल किंचित ताणा. कमी आला तर क्लचच्या प्लेटी घसरून जळतात, हे जास्त वाईट. केबलचा ॲडजस्टर एका वेळी पाव फेराच फिरवा, आणि दर वेळी पुन्हा तपासा.

शहराच्या गर्दीत हा क्लच खरंच सुख देतो. पण इंजिन बंद असताना गिअर गाडी धरत नाही, म्हणून उतारावर साइड स्टँडच्या भरवशावर सोडू नका.