गिटारसाठी सगळं एकातच असलेला पेडल घ्यावा का?

प्रश्न : सांगलीत आमचा छोटा बँड आहे, गणपतीत आणि लग्नात वाजवतो. गिटारसाठी मल्टीइफेक्ट (अनेक इफेक्ट एकातच असलेला पेडल) घेऊ की एकेक पेडल जमवू?

उत्तर : मित्रा, तुमचं काम बघता मल्टीइफेक्टच घे. डिस्टॉर्शन (फाटका आवाज), डिले (प्रतिध्वनी), कोरस (अनेक गिटार वाजल्यासारखा आवाज), ट्यूनर सगळं एका डब्यात, अ‍ॅडाप्टर एकच, आणि मंडपात अ‍ॅम्प नसला तरी कॅब सिम्युलेशन (गिटार अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या आवाजाची नक्कल) चालू करून थेट मिक्सरला लावता येतं, हा फायदा लई मोठा आहे. पण गिटार अ‍ॅम्पला जोडशील तेव्हा हे सिम्युलेशन बंद कर, नाहीतर आवाज दबका येतो आणि पोरं उगाच पेडलला शिव्या घालतात. झूम जी१एक्स फोर हा मल्टीइफेक्ट ४ पेन्सिल सेलवर पण चालतो, लाइट गेली तरी टेन्शन नाही (अ‍ॅम्पची गेली तर काय करणार म्हणा).

तोटा म्हणजे डबा बंद पडला की सगळंच बंद. गाणं चालू असताना मेनूत शिरून डिले कमी करणं तर वैतागच, उलट १९७८ पासूनच्या बॉस डीएस-१ या एकेरी डिस्टॉर्शन पेडलला तीनच नॉब, वाकलं फिरवलं झालं. म्हणून पॅच (साठवून ठेवलेली आवाजाची सेटिंग) घरीच बनव, पण आवाज मंडपात मोठ्या स्पीकरवरच तपास, हेडफोनवर भारी वाटलेला रिव्हर्ब (घुमणारा आवाज) तिथं नुसता चिखल होतो.