वाचकांचे प्रश्न : वारशाने आलेल्या बंदुका

प्रश्न : आमचे गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात आहे. माझे सासरे गेल्या महिन्यात वारले. मागे सासूबाई, माझे पती आणि दोन विवाहित नणंदा आहेत. सासऱ्यांच्या परवान्यावर इंग्लिश बनावटीची बारा बोअरची दुनळी बंदूक आणि .३१५ ची रायफल अशी दोन शस्त्रे आहेत. याशिवाय माळ्यावर त्यांच्या आजोबांच्या काळातील ठासणीची बंदूक, एक एअरगन आणि जुन्या काडतुसांचा डबा सापडला. ठासणीच्या बंदुकीची परवान्यात नोंद नाही. सोप्यातल्या भिंतीवर सांबराची शिंगेही आहेत. एक नातेवाईक हे सगळे ठोक रकमेला घ्यायला तयार असून "कागदांचे नंतर पाहू" असे म्हणतात. माझे भाचे बंदुका घासूनपुसून चकचकीत करून मग विकाव्यात, अशा मताचे आहेत. खरी किंमत कशी ठरवावी आणि आम्ही नेमके काय करावे?

— एक वाचक भगिनी, पाटण तालुका

उत्तर : आपण किमतीचा प्रश्न आधी विचारला असला, तरी त्याचे उत्तर ताब्याच्या प्रश्नात दडलेले आहे. सासऱ्यांची बंदूक ही मालमत्ता आहे आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार तिच्यावर सासूबाई, आपले पती आणि दोन्ही नणंदा यांचा सारखा हक्क आहे. परवाना मात्र सासऱ्यांच्या व्यक्तिगत नावाचा होता आणि तो वारशाने कोणाकडेही येत नाही. म्हणून त्यांच्या निधनानंतर ही शस्त्रे घरात ठेवण्याचा अधिकार आज घरातील कोणालाही नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे, कोणत्याही कारणाने ताबा कायदेशीर राहिला नाही, तर शस्त्रे आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात. जमा केल्याने मालकी जात नाही. वारसांपैकी कोणाला परवाना मिळाला तर शस्त्र परत घेता येते आणि तसे न झाल्यास परवानाधारक व्यक्तीला ते विकताही येते. मात्र त्यासाठी ठरवून दिलेली मुदत असते. त्या मुदतीत काहीच न केल्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने शस्त्र सरकारजमा होते, तेव्हा जमा करतानाच ही मुदत लेखी विचारून घ्यावी.

शस्त्रे आपण स्वतः गाडीत घालून नेऊ नयेत. मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि शस्त्रे कशी आणायची याच्या सूचना तिथूनच घ्याव्यात. तोवर खोलीला कुलूप असावे आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नये. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे घरच्या घरी पाहण्याचा मोह टाळावा. ठासणीच्या बंदुकीबाबत ही खबरदारी फार गरजेची आहे, कारण तिच्या नळीत एखाद्या पूर्वजाने ठासलेली दारू आणि गोळी आजही तशीच असू शकते. काळी दारू कोरडी राहिली, तर शंभर वर्षांनीही पेट घेते. नळीत गज घालून खोली मोजण्याची आणि ती बाहेरच्या लांबीशी ताडून पाहण्याची रीत जाणकारांना ठाऊक असते. ते काम पोलीस दलाच्या आर्मररकडे (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्याकडे) किंवा शस्त्रविक्रेत्याकडे सोपवावे. जुनी काडतुसे पुरू नयेत, चुलीत टाकू नयेत आणि कोयनेत सोडू नयेत. डब्यासह पोलिसांच्या हवाली करावीत. पावतीवर प्रत्येक शस्त्राचा उत्पादक, बोअर आणि क्रमांक लिहिलेला असावा. 'जुनी बंदूक, एक नग' अशी पावती पुढे वारसांच्या कामाला येत नाही.

आता किमतीविषयी. इंग्लंडमधील लिलावांचे आकडे पाहून अनेक घरांत फार मोठ्या आशा बांधल्या जातात आणि मग भावाबहिणींत वितुष्ट येते. आपल्याकडे खरेदीदार तोच, ज्याच्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि ही मर्यादा वारशाने आलेल्या शस्त्रांनाही लागू आहे. त्यामुळे अनेक जुन्या संग्रहांतील जादा शस्त्रे बाहेर आली आणि घेणारे हात मात्र कमी झाले. दुसऱ्या बाजूला, परदेशी शस्त्रांची खासगी आयात अनेक वर्षांपासून जवळपास बंद असल्याने चांगल्या इंग्लिश बंदुकीला इथे अजूनही विचारणारे आहेत. आपल्या दुनळीचा भाव या दोन गोष्टींच्या मध्ये कुठेतरी ठरेल.

त्या दुनळीचे मोल प्रामुख्याने चार-पाच गोष्टींवर अवलंबून असते. नाव कोणाचे आहे, हे पहिले. पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड यांची बंदूक आणि बर्मिंगहॅममध्ये घाऊक बनलेली साधी बंदूक यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मोठ्या कारखानदारांकडे जुन्या वह्या असल्याने क्रमांकावरून बंदूक कोणत्या साली बनली हेही कळू शकते. नळ्यांखालचे प्रूफचे, म्हणजे नळीच्या मजबुतीच्या चाचणीचे, शिक्के हे दुसरे. लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील प्रूफ हाऊसने बंदूक केवळ काळ्या दारूसाठी तपासली होती की आधुनिक नायट्रो (बिनधुराच्या) दारूसाठी, हे त्यांवरून समजते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, अंगावर लाटांची नक्षी दिसणाऱ्या दमास्कस नळ्या पाहायला सुंदर असतात. पण नायट्रो प्रूफ नसेल तर त्यांतून आजचे काडतूस उडवणे धोक्याचे असते आणि वापरासाठी घेणारा गिऱ्हाईक तिथेच मागे फिरतो. जुन्या इंग्लिश बंदुकांचे काडतुसाचे घर बहुधा अडीच इंचांचे असते, तर आज मिळणारी काडतुसे पावणेतीन इंचांची असतात, हेही तपासून घ्यावे. त्यानंतर नळीच्या आतला गंज, दस्त्याला गेलेले तडे, बिजागरीचा सैलपणा आणि मूळची पेटी किंवा खरेदीची पावती यांचा विचार होतो.

आणि म्हणूनच आपल्या भाच्यांना कृपया थांबवावे. पॉलिश पेपरने घासलेली नळी, नव्याने काळी केलेली पट्टी, वॉर्निश मारलेला दस्ता यांमुळे जुन्या बंदुकीचे मोल वाढत तर नाहीच, उलट बरेचसे नष्ट होते, कारण जाणकार मूळच्या रंगाला आणि कोरीवकामाच्या धारेला पैसे मोजतो. शिक्के घासले गेले, तर ती बंदूक कोणती हे सांगणारा पुरावाच जातो. आपल्या घरातील वस्तूचा इतिहास तिच्या अंगावरच लिहिलेला असतो. तो पुसू देऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

.३१५ ची रायफल इछापूरच्या सरकारी कारखान्याची असेल, तर तिच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती देशात मोठ्या संख्येने आहे आणि तिचा भाव केवळ तिच्या स्थितीवर ठरतो. दोन्ही शस्त्रांसाठी कोल्हापूर किंवा पुण्यातील दोन वेगवेगळ्या परवानाधारक विक्रेत्यांकडून लेखी अंदाज घ्यावा. जो स्वतः विकत घेणार आहे, त्याच्या एकट्याच्या अंदाजावर वाटणी करू नये.

नातेवाइकांच्या प्रस्तावाला स्पष्ट नकार द्यावा. परवान्याशिवाय शस्त्र विकणे हा कलम ५ चा भंग आहे आणि २०१९ पासून त्यासाठी किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. व्यवहार करायचाच असेल, तर त्यांच्याकडे परवाना असावा आणि शस्त्र जमा असलेल्या ठिकाणाहून कागदोपत्री हस्तांतरित व्हावे. घरातच ठेवायचे असेल, तर शस्त्र नियम २०१६ नुसार कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. वय २१ पूर्ण असावे लागते आणि इतर वारसांची लेखी संमती जोडावी. निर्णय जिल्हादंडाधिकाऱ्यांचा असतो. नणंदांची संमती घेताना त्यांच्या हिश्श्याची रक्कम किती, हेही त्याच कागदावर लिहावे, म्हणजे पुढे मनात किंतु राहत नाही.

ठासणीची बंदूक हा यातील सर्वांत नाजूक भाग आहे. ती जुनी आहे म्हणून परवाना लागत नाही, हा आपल्या भागात सर्रास आढळणारा गैरसमज आहे. कलम ४५ मधील सूट कालबाह्य किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला मिळते खरी. पण ते दुरुस्त करूनही डागता येऊ नये, अशी अट आहे. आपली बंदूक त्यात बसते की नाही, हे तज्ज्ञाच्या तपासणीनंतरच ठरेल. तोवर ती विनापरवाना शस्त्र आहे असे धरून, वकिलाच्या सल्ल्याने, ती कधी आणि कुठे सापडली हे लिहून इतर शस्त्रांबरोबरच पोलिसांकडे द्यावी. आपण होऊन सांगणे आणि दुसऱ्याने तक्रार करणे यांत फार अंतर आहे. सासऱ्यांच्या आजोबांचा जुना परवाना दप्तरात सापडला, तर तोही जोडावा. वेल्डरकडून नळी बुजवून घेणे हा उपाय नव्हे. त्याने वस्तू बिघडते आणि कायद्याचा प्रश्न तसाच राहतो. ती विकण्याऐवजी संग्रहालयाला देण्याचाही विचार करावा. साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आणि औंधला श्री भवानी संग्रहालय आहे. संग्रहालयाची संमती आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी मिळाल्यास आजोबांचे आणि गावाचे नाव वस्तूबरोबर राहते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशातील नातलगांकडे पाठवणे मात्र पुरावशेषविषयक १९७२ च्या कायद्याने मना आहे.

एअरगन .१७७ ची आणि २० ज्यूलच्या आतली असेल, तर परवाना लागत नाही. शिंगांविषयी मात्र घाई करावी : वारशाने आलेल्या अशा वस्तूची माहिती ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांना द्यावी लागते. ती विकता येत नाहीत, म्हणून वाटणीच्या हिशेबात त्यांची किंमत धरू नये.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांची बारा बोअरची बंदूक त्यांच्या हयातीतच माझ्या नावावर होऊ शकेल का?

— एक वाचक, मिरज

उत्तर : होऊ शकेल. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर तो आपल्या कायदेशीर वारसाचे नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना देता येतो. अर्ज सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवाना शाखेकडे करावा. वडिलांच्या परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतील यूआयएन (विशिष्ट ओळख) क्रमांक आहे ना, हे आधी पाहावे. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली असेल आणि परत आणायची राहिली असेल, तर त्या पावतीची प्रतही अर्जासोबत लावावी.